कमिट माझी, मेल मात्र येत नाही

प्रश्न : आमच्याकडे टीमसिटी आहे, म्हणजे कोडमध्ये बदल झाला की बिल्ड (कोड जुळवून तपासणं) आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. माझ्या कमिटमुळे (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलामुळे) बिल्ड फेल झाला तरी मला मेल येत नाही आणि माझ्या बदलांचं पान रिकामंच दिसतं. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या सर्व्हरवर ज्या नावाने लॉगिन करतो, तेच टीमसिटीच्या प्रोफाइलमध्ये भरलंय. चुकतंय कुठे?

उत्तर : लॉगिनचं नाव भरलंत, तिथेच. गिटमध्ये ते नाव कमिटपर्यंत पोहोचतच नाही. सबव्हर्जन या गिटसारख्याच जुन्या प्रणालीत लॉगिनचं नाव तेच बदल करणाऱ्याचं नाव, त्यामुळे आम्हा जुन्या मंडळींनाही ही सवय सुटता सुटत नाही. गिट मात्र तुमच्या मशीनवरच्या कॉन्फिगमधलं (सेटिंगमधलं) नाव आणि ईमेल उचलून कमिटवर लिहितं. खरं-खोटं विचारत नाही. ईमेल भरलेलाच नसेल तर मशीनच्या नावावरून एखादा पत्ता जुळवूनही टाकतं.

म्हणून आधी गिट लॉगमध्ये आपल्या कमिटवर अक्षरशः काय लिहिलंय ते बघा. मग अॅडमिनला विचारा, व्हीसीएस रूटमध्ये (टीमसिटी कोड कुठून घेतं, त्या सेटिंगमध्ये) 'युजरनेम स्टाइल' कोणती आहे: नुसतं नाव, ईमेल, दोन्ही, की ईमेलचा अॅटच्या आधीचा भाग. त्या स्टाइलप्रमाणे जे निघतं, तेच प्रोफाइलमध्ये हवं. ऑफिसच्या आणि घरच्या लॅपटॉपवर वेगवेगळे ईमेल असतील तर दोन्ही भरा, एका ओळीवर एक.

स्टाइल बदललीत तर एक ध्यानात ठेवा. बदल फक्त यापुढे गोळा होणाऱ्या कमिटना लागू होतो, जुन्या होत्या तशाच राहतात. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा जुन्या कमिटकडे बघत एका दुपारी तीनदा स्टाइल बदलली होती. नवी कमिट करून तपासा.

माझी दुसरी फजिती याहून मोठी. सगळे वापरायचे त्या टेस्ट मशीनच्या ग्लोबल (तिथल्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणाऱ्या) कॉन्फिगमध्ये मी माझंच नाव ठेवून गेलो. पुढे दोन आठवडे तिथून कुणीही बिल्ड मोडला की मेल मला. एका कमिटबद्दल तर मी टीमची माफीसुद्धा मागितली, आणि ती माझी नव्हतीच! अशा मशीनवर ग्लोबल नाव-ईमेल काढून टाका आणि 'युजर डॉट यूज-कॉन्फिग-ओन्ली' (user.useConfigOnly) हे गिटचं सेटिंग चालू करा. गिट २.८ पासून (२०१६) ही सोय आहे. ईमेल भरला नसेल तर गिट अंदाज न बांधता कमिटच अडवतं.

नाव जुळलं, तरी मेल नाही? मग प्रोफाइलमधले नोटिफिकेशनचे नियम उघडा. तुमच्या बदलांच्या बिल्डसाठी नियमच नसेल, तर मेल येणार कुठून?