बायको ग्रामपंचायत सदस्य आहे, माझ्या दुकानातून पंचायतीला माल दिला तर चालतं का?

नाही चालत.

तुम्ही लिहिलंय की मिसेस राखीव वॉर्डातून निवडून आल्यात, तुमचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, सरपंच म्हणतायत गावातलाच माल घेऊ, आणि शेवटी लिहिलंय की "ॲफिडेव्हिटमध्ये दुकान दाखवलेलंच आहे, लपवलेलं काही नाही, मग अडचण काय". या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय, नाहीतर जेवून झोपणार होतो. कारण हे वाक्य शब्दाला शब्द माझ्या थोरल्या भावाचं आहे. आमच्या घरात ते २०१८ साली बोललं गेलं, पुढं काय झालं ते सांगतो, तुमचं उत्तर त्यात जमेल तसं येईल.

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, नऊ सदस्यांची पंचायत. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं त्या खेपेला वहिनी महिला राखीव जागेवर निवडून आल्या. उभं कुणी केलं तर दादानं, प्रचार कुणी केला तर दादानं, गुलाल कुणाच्या अंगावर तर दादाच्या. वहिनींनी हार घातला आणि चहा करायला आत गेल्या. आता हे वाचून कुणी म्हणेल सगळीकडं असंच असतं, तर हो, असंच असतं, म्हणून तर सांगतोय.

दादाचं स्टँडजवळ इलेक्ट्रिकलचं दुकान. म्हणजे बसतो दादा. दादाचं सिबिल ट्रॅक्टरच्या हप्त्यांनी खाल्लेलं, त्यामुळं दुकानासाठी मुद्राचं कर्ज काढलं ते वहिनींच्या नावावर, शॉप ॲक्टचं लायसन वहिनींचं, करंट खातं वहिनींचं. मी तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, तेव्हा उमेदवारी अर्ज मीच भरला, ॲफिडेव्हिटही मीच टाइप केलं. मालमत्तेत गाळा टाकला, दागिने टाकले, आणि देणी असा रकाना असतो तिथं मुद्राचं कर्ज, बँकेचं नाव, बाकी रक्कम सगळं व्यवस्थित टाकलं. दादा म्हणत होता कर्जाचं कशाला टाकतोस, मी म्हटलं टाकायला लागतं. तेवढं एक बरोबर केलं असं मला पुढं वर्षभर वाटत होतं.

मग आले चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे. ते थेट पंचायतीच्या खात्यात यायचे, मध्ये जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही, त्यामुळं गावोगावी एकदम एलईडी दिवे, पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानी यांचं पीक आलेलं. आमच्याकडं २४ दिवे घ्यायचे ठरले. तीन दरपत्रकं लागतात, तीन आली, तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर, सगळ्यात कमी दर २,८५० रुपये, म्हणजे बिल ६८,४०० चं. कमी दरवाली फर्म वहिनींच्या सख्ख्या भावाची. फर्म म्हणजे एक जीएसटी नंबर आणि एक बिलबुक. माल आमच्या पडवीत उतरला, बिलबुकावर जो मोबाईल नंबर छापलेला तो दादाचा, कारण छापून आणलं दादानंच.

आता एक गोष्ट मी आजही म्हणतो, दर वाजवी होता. तालुक्याला जाऊन चौकशी केली तर तोच दिवा तेवढ्यालाच होता, वर गाडीभाडं. दिवे चांगले लागले. त्यातले बरेचसे अजून चालू आहेत. दादानं पंचायतीला लुटलं असं मी कधी म्हटलं नाही आणि माझं भांडण ते नाहीच. कायदा दर विचारतच नाही, लोकांना हेच कळत नाही. ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४, त्यात लिहिलंय की पंचायतीच्या हुकमानं केलेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर तो अपात्र. माल चांगला होता, स्वस्त होता, उधारीवर दिला, रात्री अकराला दिला, ही उत्तरं तिथं चालत नाहीत. आणि ज्या दिवशी तो विषय आहे त्या दिवशी सभेतून उठून बाहेर गेलं की सुटलो, असं एक पिल्लू सरपंचानं सोडलेलं, तेही खोटं. मत दिलं की नाही हा मुद्दाच नाही, हिस्सा आहे की नाही एवढंच बघतात.

मी हे घरात सांगितलं. रात्रीची जेवणं चाललेली. दादा म्हणाला, ॲफिडेव्हिटमध्ये दुकान दाखवलंय, लपवलेलं काही नाही, मग अडचण काय? मी म्हटलं दाखवलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. तर म्हणाला, तू झेरॉक्सवाला आहेस, झेरॉक्स काढ. वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांनी एकच विचारलं, "ठरावाला सूचक म्हणून माझं नाव कशाला घातलंय?" दादा म्हणाला कुणाचंतरी लागतंच. त्यांनी भाकरी उलटली, विषय संपला.

दोन-तीन महिन्यांत पडलेल्या पॅनेलवाल्यानं माहिती अधिकारात कागद काढले. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, बाकी किरकोळ खर्च. ठराव, दरपत्रकं, बिल, माल पोचल्याचं चलन. आणि इथं तुम्हाला एक बारीक गोष्ट सांगतो जी कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही. दादा सगळे आकडे इंग्रजीत लिहितो, पण सात मात्र मराठीत काढतो, ७, शाळेत जसा शिकला तसा, खाली गोल वळवून. तीनही दरपत्रकांवर तारीख होती १७-०७-२०१८. तीन फर्म, तीन लेटरहेड, आणि प्रत्येकावर दोन दोन मराठी सात, बाकी आकडे इंग्रजी. ग्रामसेवकाला दिसलं नाही, सरपंचाला दिसलं नाही, ऑडिटला दिसलं नाही. पडलेल्या उमेदवाराला पहिल्या मिनिटात दिसलं, कारण तो दादाबरोबर चौथीपर्यंत एका बाकावर होता.

वहिनींना अपात्र करा असा अर्ज गेला जिल्हाधिकाऱ्यांकडं, कलम १६ खाली. तिथं लिहिलंय शक्यतो साठ दिवसांत निर्णय द्यावा. "शक्यतो" या शब्दावर महाराष्ट्राचा निम्मा महसूल विभाग चालतो. २०१९ च्या जानेवारीतला अर्ज, मग लोकसभेची आचारसंहिता, मग विधानसभेची, मग साहेबांची बदली, मग लॉकडाऊन. तारखेला वहिनी आणि मी जायचो, एसटीनं, कारण दादाला दुकान सोडून येता यायचं नाही. म्हणजे ज्या दुकानामुळं तारीख होती ते दुकान उघडं ठेवायला दादा मागं राहायचा, यावर मी एकदा बोललो तर वहिनी हसल्या, तेवढंच त्या दोन वर्षांत हसल्या असतील.

समोरच्या वकिलानं दरपत्रकं मांडली, फोन नंबर मांडला, त्यावर आपला वकील म्हणाला फर्म भावाची, भाऊ वेगळा राहतो, सदस्याचा संबंध काय. इथपर्यंत बरं चाललेलं. मग समोरच्या वकिलानं ॲफिडेव्हिट काढलं. मी टाइप केलेलं. देणी या रकान्यातलं मुद्राचं कर्ज, दुकान वहिनींच्या नावावर. बिलावरचा मोबाईल आणि ॲफिडेव्हिटवरचा मोबाईल एकच. आणि दादा, जो एकाच तारखेला आला, साक्ष द्यायला, तो भर सुनावणीत म्हणाला, "माल माझ्याच दुकानातून गेला, त्यात चोरी काय?" वकिलानं कपाळाला हात लावला. दुकान दादाचं नव्हतंच ना. कागदावर दुकान वहिनींचं.

२०२१ ला आदेश आला, वहिनी अपात्र. तेव्हा तुम्ही जे म्हणताय ना, ॲफिडेव्हिटमध्ये दाखवलंय, ते वाचवत नाही, उलट समोरच्याचं निम्मं काम तेच करून ठेवतं. लपवलं असतं तर बरं झालं असतं का, असं कृपया विचारू नका, खोट्या ॲफिडेव्हिटचं वेगळं लफडं होतं. दाखवायचं, आणि दाखवलंय म्हणूनच त्या धंद्याचा माल पंचायतीत न्यायचा नाही, या दोन गोष्टी एकत्र आहेत.

दादाला काय झालं? काही नाही. पुढच्याच वर्षी पाण्याच्या टाकीची मोटर त्यानंच बसवली, आता तर घरातलं कुणी सदस्यच नाही म्हणजे उलट मोकळाच. पंधरा दिवसांत विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं, दादानं वकील बघून ठेवला, वहिनी म्हणाल्या नको. म्हणाल्या, "पेपरात नाव माझं आलं, तुमचं नाही आलं." यावर दादा आठ दिवस बोलला नाही. नऊ सदस्यांत मासिक सभेचा अजेंडा घरून वाचून येणाऱ्या त्या एकट्या होत्या, हे मी नाही, ग्रामसेवक म्हणाला.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं. नुसतं नातं आहे म्हणून आपोआप अपात्र होत नाही, हे सांगायला पाहिजे, नाहीतर कुणीतरी खाली येऊन मला शिकवेल. सुप्रीम कोर्टाचा १९६६ चा जुना निकाल आहे, विदर्भातल्या एका नगरपालिकेतला, उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता. कोर्ट म्हणालं नुसत्या नात्यावरून हितसंबंध गृहीत धरता येत नाही. त्यामुळं भाऊ खरंच वेगळा असेल, पैसा खरंच वेगळा असेल, तर वकील लढू शकतो. पण तुमचं तर नवरा-बायकोचं आहे, एका छपराखालचं, आणि दुकान कुणाच्या नावावर, भांडवल कुणाचं, खात्याला नॉमिनी कोण, हे सगळं निघतं. गोव्यात असाल तर विषयच संपला. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक, म्हणून नवऱ्याचं पंचायतीतलं कंत्राट म्हणजे सदस्य बायकोचा हिस्सा, असं २०१२ ला सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय. कंपनीचे शेअर आहेत, सदस्याचा हिस्सा असलेल्या पेपरला पंचायतीची जाहिरात आली, असल्या गोष्टींना सूट आहे, पण त्याचा तुमच्या सिमेंटशी संबंध नाही. नगरपालिका, महानगरपालिकेचे कायदे वेगळे, तत्त्व तेच.

आणि मिसेसना घरपट्टीची पावती बघायला सांगा, बिल बजावल्यापासून तीन महिने थकली तर त्यावरही अपात्र करतात. घर गायरानात, म्हणजे सरकारी जमिनीवर असेल तर तेही बघा. २०१८ च्या निकालात कोर्टानं अतिक्रमण घरातल्या दुसऱ्यानं केलेलं असलं तरी त्यात राहणाऱ्या सदस्याला सोडलं नाही.

पुण्या-मुंबईची मंडळी म्हणतात एवढं कोण बघतंय. आता ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर वित्त आयोगाचं पेमेंट कुणाला गेलं ते दिसतं, मोबाईलवर, फुकट. पडलेला उमेदवार रात्री दुसरं काय करत असतो असं वाटतं तुम्हाला? तुम्ही पत्रे बाहेरच्या गावाला विका, गिऱ्हाईक कमी नाही. आणि काही द्यायच्या आधी हा प्रश्न मला नाही, मिसेसना विचारा, त्यांना विचारलंय असं तुमच्या प्रश्नात कुठं दिसलं नाही.

एक राहिलं. तो माहिती अधिकाराचा अर्ज माझ्या दुकानात टाइप झाला, हे खरं आहे. तो पडलेला उमेदवार आला, सांगितलं तसं टाइप करून दिलं, तीस रुपये घेतले. धंदा आहे, गिऱ्हाईकाला पॅनेल विचारत नाही मी. तेव्हापासून दिवाळीला दादा माझ्या ताटाशेजारी बसत नाही, आणि गावात सांगत असतो की चलनाचा फोटो मीच पुरवला. दादा, वहिनींच्या मोबाईलवर तू हे वाचतोस मला माहितीय. फोटो मी दिला नाही. पंचायतीनं शिक्का मारून दिला, दोन रुपये पानानं.