सही कोणासमोर झाली?

खेळाडूंची छायाचित्रे छापलेली आणि त्यांच्या सह्या असलेली लहान कार्डे जमवण्याचा छंद या विषयावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी असून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सचिन तेंडुलकर यांची सही असलेले कार्ड अठराशे रुपयांना घेतले. सोबत चमकदार शिक्का लावलेले प्रमाणपत्रही आले. मित्र म्हणतात, सही खोटी आहे. कार्डाचे छायाचित्र पाठवत आहे. खरे-खोटे कसे ओळखावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : प्रमाणपत्र तूर्त बाजूला ठेवावे आणि सोनार वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन सही पाहावी. सही छापलेली असेल तर रेघेच्या जागी बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताने केलेली असेल तर शाईचा थर कार्डाच्या चकाकीवर बसलेला असतो आणि कार्ड उजेडात तिरपे धरले की रेघेची चमक भोवतालच्या पृष्ठभागाहून निराळी भासते. छापील सही असणे हीच फसवणूक, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील टॉप्स या कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांवर खेळाडूंच्या सह्यांची छापील प्रतिकृती होती, आणि आपल्याकडे जाहिरातीसाठी वाटल्या जाणाऱ्या छोट्या बॅटींवरही संघाच्या सह्या छापलेल्याच असत. तीच वस्तू हाताची सही म्हणून विकली गेली, की फसवणूक सुरू होते.

सही शाईची आहे एवढे ठरले तरी निम्मेच काम झाले. हजारो सह्या केलेल्या माणसाचा हात थांबत नाही, त्यामुळे त्याच्या रेघेला वेग असतो, वळणावर दाब बदलतो आणि शेवट निमुळता होतो. नक्कल करणारा सही करत नसतो, तो सहीचे चित्र काढत असतो, आणि म्हणून त्याची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, मध्येच अडखळलेली असते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात दोन ठिकाणी रेघ थांबून पुन्हा सुरू झाल्यासारखी दिसते. छायाचित्रावरून ठाम निर्णय देणे योग्य नव्हे, परंतु मित्रांची शंका आम्हाला निराधार वाटत नाही. याउलट दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या तरी सावध व्हावे, कारण माणसाची कोणतीही सही हुबेहूब दुसऱ्यांदा होत नाही. तसे जुळणारे काम सही करणाऱ्या यंत्राचे किंवा रबरी शिक्क्याचे असू शकते.

आता प्रमाणपत्राविषयी. विकणाऱ्यानेच छापलेले प्रमाणपत्र म्हणजे गवळ्याने आपल्याच दुधाला दिलेला दाखला. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने तपास केला, तेव्हा खोट्या सह्यांबरोबर त्यांना साजेशी खोटी प्रमाणपत्रेही पुरवली जात असल्याचे उघड झाले. कार्ड काढणारी कंपनी स्वतः खेळाडूकडून सह्या करून घेते आणि तसे कार्डाच्या मागे छापून हमी देते, त्या कार्डांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील अपर डेक या कार्ड कंपनीने १९९० मध्ये बेसबॉलपटू रेजी जॅक्सन यांनी सही केलेली, क्रमांक घातलेली २,५०० कार्डे आपल्या विक्रीच्या बंद पाकिटांत मिसळली आणि पुढे ही प्रथा रुजली. त्यातही दोन प्रकार आहेत. काही कार्डांवर खेळाडूने थेट सही केलेली असते, तर काहींवर त्याने सही केलेला पारदर्शक स्टिकर कंपनीने नंतर चिकटवलेला असतो, म्हणजे ते कार्ड खेळाडूने कधी हातात घेतलेलेही नसते. दोन्ही सह्या खऱ्याच, पण जाणकार पहिल्या प्रकाराला अधिक मान देतात आणि आमचेही मत तेच आहे.

पीएसए, बेकेट, जेएसए या परदेशी संस्था शुल्क घेऊन सह्या तपासतात, परंतु अठराशे रुपयांच्या वस्तूसाठी तो खर्च परवडणारा नाही. विक्रेत्याला आजच लेखी विचारावे, की ही सही कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणासमोर झाली. उत्तर टाळले गेले तर पैसे परत मागावेत आणि व्यवहाराच्या सर्व नोंदी जपून ठेवाव्यात.

प्रश्न : आमचे आजोबा तंबाखूच्या व्यापारात होते. त्यांच्या जुन्या वहीत सिगारेट कंपनीचे नाव असलेली क्रिकेटपटूंची लहान चित्रे चिकटवलेली सापडली असून एकावर शाईच्या पेनाने सही आहे. ती पाण्यात भिजवून सोडवावीत का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कृपया भिजवू नयेत. शाईच्या पेनाची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, आणि एका ओल्या बोटाने ऐंशी-नव्वद वर्षांची सही निळा डाग होऊन जाईल.

आपल्या हाती आलेली ही चित्रे म्हणजे या छंदाचे मूळच आहे. सिगारेटचे नाजूक पाकीट चेपू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर चित्रे छापली तर गिऱ्हाईक तोच मार्का पुन्हा मागेल, हे कंपन्यांच्या लक्षात आले आणि खेळाडू त्या पुठ्ठ्यावर आले. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची मालिका काढली, तर जॉन प्लेयर कंपनीच्या १९३४ आणि १९३८ च्या मालिका संग्राहकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. १९३० च्या दशकातील अनेक मालिकांच्या मागे डिंक लावलेला असे, कारण ती चित्रे वहीत चिकटवण्यासाठीच होती. म्हणजे आजोबांनी काही बिघडवलेले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि इंग्लंडमध्ये ही चित्रे बंद पडली. (बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे १९०९ च्या सुमाराचे तंबाखू कंपनीचे कार्ड त्यांच्याच हरकतीमुळे छापणे थांबले आणि म्हणून ते अतिदुर्मिळ झाले. मुलांनी त्यापायी तंबाखू घेऊ नये अशी त्यांची इच्छा होती असे काही म्हणतात, तर काही मानधनाचे कारण देतात. निपाणीच्या वाचकांना ही हकिकत रोचक वाटावी.)

वही आहे तशीच आडवी ठेवावी, पानांमध्ये आम्लरहित कागद घालावा आणि आजोबा कोठे फिरले, कोणते सामने पाहिले याविषयी घरातील ज्येष्ठांना जे आठवते ते आताच लिहून घ्यावे. सुटे केलेले चित्र दहा जणांकडे मिळेल, पण आजोबांच्या हस्ताक्षरातील वहीत चिकटलेली सही दुसरीकडे मिळणार नाही.

प्रश्न : ही कार्डे गुंतवणूक म्हणून घ्यावीत का? आणि पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून लॅमिनेशन करून घ्यावे का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे १९५२ चे टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले, पण त्यावर तर हाताची सही नव्हतीच. अशा बातम्या वाचून घरखर्चातले पैसे काढू नयेत.

लॅमिनेशन कदापि करू नये. उष्णता आणि गोंद कार्डात कायमचे मुरतात, आणि त्यातून कार्ड पुन्हा बाहेर काढता येत नाही. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पाकिटात घालून मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये ठेवावे. पीव्हीसीची स्वस्त पाकिटे टाळावीत, कारण कालांतराने ती चिकट होऊन शाई ओढून घेतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडच्या भिंतींना ओल धरते, तेव्हा कार्डांचा डबा भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. डांबरगोळ्या मात्र नकोत, कारण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात. चौकट करून भिंतीवर लावायचे असेल तर थेट ऊन येणारी भिंत निवडू नये, कारण उन्हाने मार्करची शाई फिकी पडते.

प्रश्न : मला आपल्या भागातील पैलवान आणि खेळाडूंच्या सह्या जमवायच्या आहेत, पण त्यांची कार्डे निघतच नाहीत. काय करावे? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : चार पत्रांपैकी हे पत्र आम्हाला सर्वांत आवडले. कार्डे निघत नसतील तर आपणच करावीत. प्रचलित आकार सुमारे ६४ बाय ८९ मिलिमीटरचा आहे. आपण स्वतः काढलेले छायाचित्र, खेळाडूच्या संमतीने, डिजिटल छपाईच्या दुकानात जाड मॅट कागदावर छापून घ्यावे आणि सहीसाठी खालच्या बाजूला फिकट रंगाची पट्टी सोडावी. गुळगुळीत चकाकीच्या कागदावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, म्हणून मॅट कागद बरा. कायम टिकणारा बारीक टोकाचा मार्कर न्यावा, आधी जास्तीच्या कार्डावर चालवून पाहावा आणि सही झाल्यावर कार्ड लगेच पाकिटात सरकवू नये.

माणसांची आपल्याकडे वाण नाही. तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले. कर्नाटकाकडून रणजी खेळलेले वेगवान गोलंदाज रोनित मोरे हे बेळगावचेच. बेळगावातील ऑटोनगरच्या मैदानावर मे २०१९ मध्ये भारत ‘अ’ आणि श्रीलंका ‘अ’ यांचा चार दिवसांचा सामना झाला होता. अशा सामन्यांना आयपीएलसारखी झुंबड नसते, आणि खेळाडू दोन शब्द बोलण्याइतका मोकळा असतो. कुस्तीच्या मैदानात मात्र पैलवानाला जोड लागण्याआधी गाठू नये. त्याचे मन कुस्तीत असते आणि हाताला तांबडी माती असते. कुस्ती झाल्यावर, वस्तादांची परवानगी घेऊन जावे.

या संग्रहात आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य आपोआप उतरेल, ते म्हणजे लिपी. कोणी मराठीत सही करील, कोणी कन्नडमध्ये, कोणी इंग्रजीत, आणि शाळेत कन्नड शिकलेला मराठी घरातला पैलवान कधी एका, कधी दुसऱ्या लिपीत करील. अमुक लिपीतच करा, असा आग्रह धरू नये. ज्या लिपीत हात सहज चालतो तीच त्याची खरी सही. कार्डाच्या मागे मऊ पेन्सिलने, दाब न देता, तारीख, गाव, मैदान आणि सोबत कोण होते ते त्याच दिवशी लिहावे. खानापूरच्या वाचकाला जे उत्तर विक्रेत्याकडे मागावे लागत आहे, ते आपल्या कार्डामागे आपल्याच हाताने लिहिलेले असेल.