फुटबॉल टीमच्या बेंचवरच्या (राखीव) गोलीला

प्रिय मित्रा,

"सर, आणखी एक सीझन बेंचवर काढू, की खेळणं सोडून सरळ कोचिंगकडे वळू?" असं विचारलंस. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

२००४ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो क्लबनं मोनॅकोला ३-० हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली, तेव्हा गोलात व्हितोर बाइया होता आणि बेंचवर नुनो एस्पिरितो सांतो. हातमोजे उतरवल्यावर नुनोही लगेच हेड कोच झाला नाही. आधी कोच जेझुआल्दो फेरेरांच्या हाताखाली स्पेनच्या मालागात आणि अथेन्सला पानाथिनाइकोसमध्ये गोली तयार केले. २०१२ मध्ये रिओ आव्हे हा लहानसा क्लब मिळाला. २०१८ मध्ये त्यानं वुल्व्हज् या इंग्लिश क्लबला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, नेलं आणि पुढचे दोन्ही सीझन सातवा नंबर!

बेंचवर त्याच्या डोक्यात काय चालायचं, मला काय ठाऊक. तुझ्या डोक्यात काय चालतं ते मात्र दिसतं: पहिल्या गोलीनं चूक कधी करावी, एवढंच. (लाजू नकोस, मीही तेच करायचो.)

वॉर्मअपला त्याला शॉट कोण मारतं? तूच ना? डावीकडे खाली झेपावताना तो अर्धं पाऊल उशिरा निघतो, हे तुझ्याआधी कुणाला कळणार? मग तिथेच दहा बॉल जास्त मार, आणि का मारतोयस ते त्याला सांग. कोचिंग इथूनच सुरू होतं. डी लायसन्सचा (कोचिंगच्या परवान्याचा) कोर्स खेळता खेळताही होतो, त्यासाठी बूट खुंटीला टांगायची गरज नाही.

गोलींचा सराव कोपऱ्यात वेगळा चालतो, तिथे अडकू नकोस. मी अडकलो. फॉरवर्ड धाव कधी सुरू करतो, हे विचारायची मला कितीतरी वर्षं लाज वाटली.

आणि कोच झालास की लाइनबाहेरून बॉलला हात लावता येत नाही बरं! १९८२ मध्ये इटलीचा चाळिशीतला गोली दिनो झोफ यानं कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला. २००० च्या युरो फायनलला तोच इटलीचा कोच. एक गोलची आघाडी, इंज्युरी टाइम, आणि फ्रान्सच्या विल्तोर्दचा बॉल जाळ्यात. पुढे जादा वेळेत त्रेझेगेनं गोल्डन गोल मारला, म्हणजे पडताक्षणी मॅच संपवणारा गोल. झोफ काठावर उभा.

रविवारी शाहू स्टेडियमवर ये, वही घेऊन. पहिल्या हाफमध्ये बॉलकडे बघायचं नाही, फक्त बॅक फोरकडे, म्हणजे मागच्या चार डिफेंडरांकडे. हाफटाइमला चहा माझा.

तुझा,
सर