एफपीजीएसाठी (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं ठरवता येतं अशा चिपसाठी) ओपन सोर्स टूल्स वापरण्याचा नेमका फायदा काय?

फुकट मिळतात हा फायदा आहेच, पण माझ्या मते तो सगळ्यांत लहान. खरी मजा अशी की व्हेरिलॉग या हार्डवेअरचं वर्णन करायच्या भाषेत लिहिलेल्या सर्किटचं पुढे काय होतं, ते प्रत्येक पायरीवर उघडून पाहता येतं. योसिस सिंथेसिस करतं, म्हणजे त्या वर्णनाचं चिपवरच्या साध्या घटकांत रूपांतर करतं, नेक्स्टपीएनआर चिपवरच्या जागा आणि जोडण्या ठरवतं, मग बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) बनतो. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या आइस४० या एफपीजीए चिपच्या बिटस्ट्रीमची रचना उलगडली, तेव्हा ही वाट मोकळी झाली.

सगळं कमांड लाइनवर चालतं. त्यामुळे मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) लिहा, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, दर बदलानंतर बिल्ड आपोआप होऊ द्या. लायसन्स सर्व्हरची कटकट नाही.

मोठ्या, नव्या चिप्ससाठी मात्र अजून बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. शिकायचं असेल तर आइस४० किंवा लॅटिसच्याच ईसीपी५ चिपचा बोर्ड घ्या.