जेवण निम्मं, तरी काटा वरच

"मॅडम, ताटातलं निम्मं कमी केलं, तरी वजन वाढतंच आहे." किडनी निकामी झाल्यावर काहीजण घरीच पोटाचं डायलिसिस करतात: बॅगेतलं पाणी नळीनं पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, त्यासोबत रक्तातली घाण निघते. त्यांच्याकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "घरचे म्हणतात, चोरून खाते."

सिडकोतल्या या ताई 48 वर्षांच्या. डायलिसिस सुरू झाल्यापासून 11 महिन्यांत 57 वरून 64 किलो. किडनीच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरत होतं आणि ताई चहा-टोस्टवर दिवस काढत होत्या. सोबत सासूबाई. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "पोट बघा कसं सुटलंय. जिभेवर ताबा नको?" ताईंनी पदर पुढे ओढून घेतला.

पहिल्या दोन भेटी रडण्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "वजन कधी करता? पोटात पाणी असताना की काढल्यावर?"

"सकाळी उठल्या उठल्या. पाणी असतंच की."

म्हणजे दोन लिटर पाण्याचे दोन किलो तिथेच! त्या हसल्या, आणि लगेच थांबल्या. "मग बाकीचे पाच?"

मी बॅगांची वही मागितली. रोज चार बॅगा, दोन दीड टक्क्याच्या, दोन अडीच टक्क्यांच्या.

"हे टक्के कशाचे?"

"औषधाचे ना?"

"साखरेचे, ताई. साखरच अंगातलं पाणी ओढून घेते."

दोन लिटरच्या दीड टक्क्याच्या बॅगेत 30 ग्रॅम, अडीचच्या बॅगेत 50. चौघींचे मिळून 160. त्यातली निम्म्याहून जास्त रक्तात उतरते, धरा 100 ग्रॅम. मोबाइलवर हिशेब त्यांनीच केला. 340 कॅलरी.

"तीन पोळ्या झाल्या की या! तोंडात घास न घालता!"

मग बराच वेळ गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. शेवटी हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी खरंच चोरून खात नव्हते."

स्वतःच्या खाण्याची साक्षही त्यांना उरली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली, म्हणजे घटना आणि तिला आपण चिकटवलेला अर्थ वेगळे करून पाहणाऱ्या समुपदेशनात. काटा नुसता आकडा सांगतो, त्याला 'मी हावरट' हे शेपूट आपण जोडतो. ते शेपूट त्या दिवशी गळताना मी पाहिलं. अशा दिवशी या कामाचा थकवा जाणवत नाही, हे कबूल करते.

याचा अर्थ वाढू द्या वजन, असा नाही. पोटातल्या अवयवांभोवती साठणारी चरबी साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढवते, त्याचा भार हृदयावर येतो. पण तोडायचं कुठे? ताईंनी तोडली होती डाळ आणि अंडी. या डायलिसिसमध्ये रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिनं पाण्यासोबत निघून जातात, म्हणून किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम खावी लागतात. ती बंद केली की स्नायू झडतात, चरबी राहते, आणि काट्याला दोन्ही सारखेच.

आवरायचं मीठ. रविवारची मिसळ, चिवडा, पापड, लोणचं. मिठानं तहान, तहानेनं सूज, सूज उतरवायला जास्त टक्क्यांची बॅग, म्हणजे आणखी साखर. दोन-तीन दिवसांत एकदम दीड-दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी. डॉक्टरांना फोन करा. बॅग मात्र आपल्या मनानं बदलायची नाही. पाणी पोटात जास्त वेळ राहतं त्या लांब टप्प्यासाठी साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिनची (स्टार्चपासून बनवलेल्या, हळू शोषल्या जाणाऱ्या पदार्थाची) बॅग चालेल का, तेही त्यांनाच विचारा.

पाचव्या भेटीला सासूबाईंना मुद्दाम आत बसवलं आणि वहीतला हिशेब ताईंनाच समजावून सांगायला लावला. आजी काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला, वही उलटीपालटी केली.

परवा ताई आल्या. पाणी काढून केलेलं वजन 61, वहीत दीडच्या बॅगा तीन, अडीचची एक. डब्यात दोन उकडलेली अंडी, पिवळं काढून.

"कुणी उकडली?"

"आईंनी. मीठ न घालता. आणि पापड आता माडीवरच्या डब्यात ठेवतात, कुलूप लावून."

"तुमच्यापासून?"

"छे हो, ह्यांच्यापासून. माझ्यासमोर खातात म्हणून."