ज्यू धर्मात शिकवणं हीच उपासना मानतात, म्हणजे नेमकं काय?

तुम्ही स्वतः शिक्षक आहात आणि विचारताय की हे नुसतं शिक्षकांचा मान राखायला म्हणतात, की त्यात खरंच काही करायचं असतं. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजातला, राहणारा ठाणे जिल्ह्यातला. दर रविवारी संध्याकाळी आमच्या मशिदीत (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात) मुलांना हिब्रू वाचायला शिकवतो. त्यामुळे जे रोजच्या व्यवहारातलं आहे तेच सांगतो.

करायचं असतं. तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, शिकायला बसण्याआधी आम्ही जे आशीर्वचन म्हणतो, त्यात देवाला ‘आपल्या लोकांना तोरा शिकवणारा’ म्हटलं आहे. एकदा शिकवून मोकळा झालेला नव्हे, शिकवणारा, आजही. मग मुलासमोर पुस्तक उघडून बसणारा माणूस देवाच्याच कामाला हात लावत असतो. रोज दोनदा म्हणायच्या शेमा या प्रार्थनेतही हेच आहे. ‘ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच,’ आणि लगेच पुढे आज्ञा येते की हे तुझ्या मुलांना शिकव. तिथे वापरलेला हिब्रू शब्द धार लावण्याच्या धातूतून आला आहे. ‘तुझी मुलं’ म्हणजे तुझे विद्यार्थी, असा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावलाय.

आम्हा बेने इस्राएलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांजवळ हिब्रू पुस्तकं नव्हती. शनिवारी घाणा बंद, मुलग्यांची सुंता, आणि लग्न असो की मयत, तोंडी शेमा, एवढं मात्र त्यांनी धरून ठेवलं. पुढे दावीद रहाबी या ज्यू विद्वानाने येऊन तिघांना शिकवून तयार केलं आणि त्या तिघांना काजी, म्हणजे धर्माचं काम पाहणारे, म्हणू लागले, असं आमच्यात सांगतात. 19व्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आले. हरवलेलं सगळं आम्हाला शिकवणाऱ्यांच्या हातून परत मिळालं.

आता माझ्या वर्गातली गोष्ट. बारा वर्षांचा एक मुलगा होता, बार मित्स्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षी मुलगा धर्माच्या आज्ञांना बांधील होतो त्या विधीच्या, तयारीचा. त्याला दालेत आणि रेश ही दोन अक्षरं ओळखता येत नव्हती. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी. दालेतला वर उजवीकडे छोटा कोपरा बाहेर येतो, रेशचा खांदा गोल. फरक तांदळाएवढा, पण शेमातल्या ‘एहाद’ म्हणजे ‘एक’ या शब्दाच्या शेवटी दालेत आहे. तिथे रेश वाचलं तर होतं ‘अहेर’, म्हणजे ‘दुसरा’. देव एकच म्हणायचं तिथे देव दुसरा! म्हणून तोराच्या गुंडाळीत तो दालेत मुद्दाम मोठा लिहितात.

त्या संध्याकाळी तो पुन्हा पुन्हा अडखळत होता. खाली प्रार्थनेला नऊजण जमले होते. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि दहावा मी. माझी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. शेवटी ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून मी उठलो. त्याने पुस्तक मिटलं ते खाली मान घालूनच.

प्रार्थनेत उभा असताना मला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, परेदा आठवले. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात त्यांची कथा आहे. त्यांच्या एका विद्यार्थ्याला प्रत्येक धडा 400 वेळा सांगावा लागे. एके दिवशी त्यांना एका सत्कार्यासाठी बोलावणं आलं. त्यांनी तरीही 400 वेळा शिकवलं, पण त्या दिवशी विद्यार्थ्याच्या डोक्यात काही शिरेना. कारण विचारलं तर तो म्हणाला, ‘बोलावणं आल्यापासून मला वाटतंय, गुरुजी आता उठतील, आता उठतील.’ गुरुजी म्हणाले, ‘तू लक्ष दे, मी शिकवतो.’ आणि आणखी 400 वेळा शिकवलं.

लोक या कथेतली चिकाटी सांगतात. मला मात्र विद्यार्थ्याचं उत्तर जास्त लागतं. शिक्षकाचं मन उठून गेलं की मुलाला ते कळतं, आणि मग तो शिकू शकत नाही. माझं बोलावणंही प्रार्थनेचंच होतं, तरी त्या वेळी माझी प्रार्थना वरच्या खोलीत, त्या मुलासमोर होती.

एका शिक्षकाकडे 25 मुलं, 40 झाली की मदतनीस द्यावा, असं तालमूद सांगतो. तेही मला याच काळजीतून आलेलं वाटतं: प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षकाचं मन यावं.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाची माफी मागितली. घड्याळ काढून पिशवीत ठेवलं. खाली आधीच निरोप दिला होता की वर्ग संपेपर्यंत मला दहांत धरू नका. मग दालेतचा कोपरा त्याच्याच बोटाने त्याला कागदावर चाचपायला लावला, कितीदा ते मोजलं नाही. आता वर्गात बसताना मनातल्या मनात ते आशीर्वचन म्हणतो, आणि पहिल्या मुलाकडे वळतो.