विश्वासाला दहापैकी किती गुण?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांकडून एक प्रश्न मी सतत ऐकते. "मी देवावर भरवसा ठेवते, मग काळजी जात का नाही? माझा विश्वासच कच्चा आहे का?" विचारणारी माणसं बहुतेक वेळा मंडळीत (चर्चमध्ये) वर्षानुवर्षं सेवा करणारी असतात. अशाच एका ताईंबद्दल लिहिते आहे. त्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई महिला मंडळाचं काम पाहायच्या. पतीची नोकरी गेलेली, घराच्या कर्जाचे हप्ते थकलेले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मध्यरात्री जाग यायची आणि उजाडेपर्यंत डोक्यात बेरीज-वजाबाकी चालायची. छातीत धडधड, कामात लक्ष नाही, विनाकारण चिडचिड. हे मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट दर आठवड्याला त्या बायकांना बायबलमधलं नीतिसूत्रे ३:५ हे वचन समजावून सांगायच्या: आपल्याच बुद्धीवर विसंबू नका, मनापासून परमेश्वरावर भाव ठेवा. घरी परतल्यावर आपण ढोंगी आहोत असं वाटून रडायच्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक वही काढली. रोज रात्री त्यात एक वचन लिहायचं आणि त्याखाली त्या दिवसाच्या आपल्या विश्वासाला दहापैकी गुण द्यायचे. बहुतेक पानांवर तीन नाहीतर चार.

"हे सात कधीचे?"

"ह्यांना मुलाखतीचा फोन आला होता त्या दिवशी."

"आणि हा एक?"

"बँकेची नोटीस आली होती."

"ताई, या वहीत देव कुठे आहे?"

त्या जरा दुखावल्या. "प्रत्येक पानावर वचन आहे की, मॅडम."

"वचन आहे. पण परीक्षा कोणाची चालली आहे? आणि पेपर कोण तपासतंय?"

त्यांनी वही मिटली.

स्वतःवर विसंबणारा माणूस म्हटला की आपल्यासमोर कुणीतरी गर्विष्ठ, देवाला न जुमानणारा माणूस उभा राहतो. माझ्या खोलीत मला तो क्वचितच भेटतो. भेटतात ती ताईंसारखी माणसं, ज्यांचा भरवसा आपल्या भरवशावर असतो. माझा विश्वास पुरेसा पक्का असला तर देव सांभाळील, असं त्यांनी नकळत ठरवून टाकलेलं असतं. म्हणजे सगळा भार पुन्हा आपल्याच खांद्यावर. त्यात रोज स्वतःच्या मनाची नाडी तपासत बसलं की काळजी कमी होण्याऐवजी दुप्पट होते. आधी कर्जाची होती, आता विश्वासाचीही.

आम्ही लूक २२ उघडलं. येशूचा शिष्य पेत्र त्याला छातीठोकपणे म्हणतो, तुझ्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे. येशू त्याच्या तयारीवर काहीच उभारत नाही. तू तीनदा मला नाकारशील हे तो सांगतो, पण त्याच्या आधीच म्हणून ठेवतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्र पुढे टिकला तो या प्रार्थनेमुळे. अंगणात त्याने येशूला खरंच तीनदा नाकारलं, त्या रात्री त्याला गुण द्यायचे झाले असते तर शून्याच्या वर गेले नसते.

"पण काळजी करणं पापच ना? मला एका बहिणीने तसं सांगितलं."

असं सांगणाऱ्या बहिणी प्रत्येक मंडळीत असतात, आणि त्यांच्याकडे फिलिप्पै ४:६ तयार असतं: कशाचीही काळजी करू नका. ज्याने ते लिहिलं त्याच प्रेषित पौलाने २ करिंथ ११:२८ मध्ये सर्व मंडळ्यांची चिंता आपल्यावर रोज असते असंही लिहिलं आहे. फिलिप्पै ४:६ मध्येही तो काळजी दडपून टाका म्हणत नाही, आपली मागणी देवाला कळवा म्हणतो. काळजी वाटली यात अपराध नव्हता. ताईंची अडचण अशी की ती त्या कुणाला कळवतच नव्हत्या. देवासमोरसुद्धा त्या महिला मंडळाच्या पुढारी म्हणूनच बसायच्या.

म्हणून दोन गोष्टी सुचवल्या. गुण देणं बंद. आणि मंडळातल्या दोन विश्वासू बायकांना खरी परिस्थिती सांगायची.

पहिली लगेच पटली. दुसरीवर आमच्या दोन भेटी गेल्या. "आमची पुढारीच अशी, म्हणतील." मग २ करिंथ १ वाचलं. आसिया प्रांतातल्या संकटाबद्दल पौल लिहितो की भार शक्तीपलीकडचा होता, जगण्याचीही आशा उरली नव्हती. आणि हे घडलं ते आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. ही कबुली तो पाठवतो कुणाला, तर त्याच्या अधिकारावर शंका घेणारे लोक ज्या मंडळीत होते तिलाच. अकराव्या वचनात त्यांच्या प्रार्थनेची मदतही धरून चालतो. देवावर टेकलेल्या माणसाला आपली प्रतिमा सांभाळत बसावं लागत नाही, हे ताईंना तिथे दिसलं असावं. त्या आठवड्यात त्यांनी सांगितलं. आता दुपारी आलटूनपालटून कुणीतरी सासूबाईंजवळ बसतं.

बँकेचं मात्र त्यांनी देवावर सोडलं होतं, म्हणजे नोटिशीचं पाकीट कपाटात टाकून दिलं होतं. पण नहेम्या ४:९ मध्ये यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या लोकांनी शत्रूंच्या भीतीने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला; तो कोट ५२ दिवसांत पुरा झाला. ताई पतीला घेऊन बँकेत गेल्या, हप्ते कमी करून मुदत वाढवून मिळेल का ते विचारलं. (वचनं तोंडपाठ असणाऱ्यांना अशा दारात उभं राहायची लाज अंमळ जास्तच वाटते, असं माझं निरीक्षण आहे.)

आणि डॉक्टर. काळजी सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस आटोक्यात येत नसेल, झोप आणि रोजची कामं बिघडत असतील, तर तपासून घ्यावंच. ताईंना ते अविश्वासाचं लक्षण वाटत होतं. कलस्सै ४:१४ मध्ये पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो, एवढंच मी दाखवलं. उपचार सुरू झाले, झोप बरीच सुधारली.

पतीला अजून काम मिळालेलं नाही. मागच्या भेटीत त्यांनी सरळ विचारलं, "मिळालंच नाही तर?"

मिळेलच असं मी म्हणू शकत नव्हते. पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली होती. काटा राहिला आणि माझी कृपा तुला पुरे आहे असं प्रभूचं उत्तर आलं.

"म्हणजे तीनदा मागून झालं की गप्प बसायचं?"

"पौल थांबला तो उत्तर मिळालं म्हणून," मी म्हटलं. "तुम्हाला अजून मिळालेलं नाही. तुम्ही मागत राहा."